डावं इंजिन, उजवं इंजिन

चोर्ला घाट चढून पिकअप आली.
ताडपत्रीखाली दोन इंजिनं,
आठ-आठ सिलिंडरची, मिठानं पांढुरकी.
शर्यतीच्या बोटीची, कायतान म्हणाला,
एक डावं, एक उजवं.
हंचिनमनी साहेबांनी आपली स्कूटर बाहेर काढून
शेडमध्ये जागा केली.
उद्यमबागेत इतका समुद्र
याआधी कधी आला नव्हता.

मी मोजणारी. दात मोजते,
दातांमधली फट मोजते.
जुनी चेन काढून टेबलावर ताणली,
नवी शेजारी ठेवली.
जुनी अर्ध्या कडीनं लांब.
एवढ्यानं काय होतंय?
एवढ्यानं झडप उशिरा उघडते,
चार अंश म्हणा.
इंजिन उगाच खोकत राहतं
आणि पुढची बोट पुढंच जाते.

"मग दोन्हीला गियर घाला.
दाताला दात भिडला की विषय संपला."

भरमाण्णा बिडी न पेटवताच धरून होते.
लाटेवरनं बोट उडते बघा, ते म्हणाले,
पंखा हवेत येतो, धरायला पाणीच नाही,
इंजिन किंचाळतंय,
आणि मग पाणी त्याला एकदम धरतंय.
तो हिसका चेन थोडा गिळते.
गियर न्हाई गिळत.
क्रँकची थरथर जशीच्या तशी
कॅमच्या कानात सांगतो.
आणि रडतो की ओ, बारीक,
कुणी कडब्याचं यंत्र चालू ठेवून गावाला गेल्यागत.

कायतान म्हणाला, रडू दे. मला आवडतं.

मग भरमाण्णांनी डाव्याचं फ्लायव्हील हातानं फिरवलं.
उलटं फिरलं.
दोन्ही पंखे एकाच दिशेनं फिरले तर
बोट एका कुशीला ओढते,
म्हणून एक इंजिन सुलटं, एक उलटं.
पण उलट्याचासुद्धा कॅम सुलटाच फिरायला हवा,
तेलाचा पंप त्याच्यावर.
चेनला हे जमत नाही,
ती खालच्यासारखंच वरच्याला फिरवते.
दोन गियर भिडले की दिशा बदलते.

डाव्याला गियर.
उजव्याला चेन, दुपदरी, नवी.

"उजव्यालाही गियरच हवा."
मग मधे तिसरं चाक लागतं.
भरमाण्णांनी ते खडूनं फरशीवर काढलं.
एक त्याला ढकलतं, ते दुसऱ्याला ढकलतं,
प्रत्येक फेरीत त्याचा दात
एकदा इकडं वाकतो, एकदा तिकडं.
साहेब दारातनं म्हणाले,
"नडुविंदु मोदल मुरीतद."
मधलं आधी मोडतं, मी मराठीत सांगितलं,
कायताननं ते आपल्या कोकणीत
कुठंतरी ठेवलं असावं,
कारण बराच वेळ तो खडूच्या चाकाकडं बघत होता.
चहा आला, गार झाला.
बरं, म्हणाला. उजव्याला चेन.

एकवीस दात खाली, बेचाळीस वर.
हॉबिंगला लावलं आणि रात्री लाईट गेली.
सकाळी परत लावलं.
बसवताना मी डायल धरली.
मोकळं हवंच, चाळीस मायक्रॉन.
घट्ट बसवलं तर तापल्यावर
एकमेकांना धरून बसतात,
सोडत नाहीत.

दोन महिन्यांनी फोन आला.
ऐक, तो ओरडला,
आणि फोन पाण्याकडं धरला असावा.
वाऱ्याचा फडफडाट,
त्याच्या आत बारीक रडणं,
आमचं, डावीकडचं.
उजवं मला काही ऐकू आलं नाही.
मी भरमाण्णांना तेवढंच सांगितलं.
ते म्हणाले, मग बरं चाललंय.

जुनी चेन आता शेडच्या फाटकाला आहे.
रात्री मीच कुलूप लावते.
अर्धी कडी ढिली,
मांजर जाईल एवढी फट राहते.
मांजर जातं.